पाच मिनिटांचं अंतर

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जमैका नावाची वस्ती आहे. तिथे डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या पुलाखाली एक छोटी खासगी प्रयोगशाळा होती. जॅक फिशमन नावाचा तरुण केमिस्ट दिवसा स्लोन-केटरिंग या नामांकित कॅन्सर संस्थेत संशोधन करायचा आणि चार पैसे जास्त मिळावेत म्हणून उरलेल्या वेळात या प्रयोगशाळेत यायचा. पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू मुलगा. हिटलरच्या काळात कुटुंब पळालं ते थेट शांघायला, आणि युद्ध संपल्यावर तो अमेरिकेत पोचला. पुलाखालच्या प्रयोगशाळेत त्याचा वरिष्ठ होता मोझेस लेवेनस्टाइन. १९६१ साली या दोघांनी एका नव्या रेणूच्या पेटंटसाठी अर्ज केला. रेणूचं नाव नॅलॉक्सोन.

तो बनवला कशासाठी होता? बद्धकोष्ठासाठी. अफूच्या कुळातली वेदनाशामकं दीर्घकाळ घेणाऱ्यांचं पोट साफ होत नाही. त्यावर काही सापडतंय का, हा मूळ प्रश्न. त्या उद्देशात नॅलॉक्सोनने फार दिवे लावले नाहीत. पण हेरॉइन किंवा मॉर्फीन जास्त होऊन श्वास बंद पडत चाललेल्या माणसाला हे औषध दोन-तीन मिनिटांत परत आणू शकतं, हे लवकरच कळलं.

यानंतरची गोष्ट रसायनशास्त्राची कमी आणि अंतराची जास्त आहे. औषध तयार होतं. ते मरणाऱ्या माणसाच्या शेजारी पोचायला पस्तीस वर्षं लागली, आणि जगाच्या बऱ्याच भागात ते अजून पोचलेलं नाही. आपलाही भाग त्यातलाच.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या मेंदूत आणि शरीरात काही ठिकाणी कुलपांसारखे रिसेप्टर असतात. अफू, मॉर्फीन, हेरॉइन, कोडीन, ट्रामाडॉल, फेन्टानिल या सगळ्या कमी-अधिक त्याच कुलपात बसणाऱ्या किल्ल्या. किल्ली फिरली की वेदना थांबते, सुख वाटतं. पण याच जातीची कुलपं मेंदूच्या देठाशीही आहेत आणि श्वासाची लय तिथून चालते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की 'श्वास घे' अशी आज्ञा तिथून सुटते. जास्त ओपिऑइड गेलं की ती आज्ञा मंदावते आणि शेवटी सुटेनाशी होते. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. तो झोपतो आणि झोपेतच श्वास विसरतो.

नॅलॉक्सोन त्याच कुलपात बसतं, आधीची किल्ली ढकलून काढतं आणि स्वतः मात्र फिरत नाही. नुसतं जागा अडवून बसतं. ज्याच्या शरीरात ओपिऑइड नाही त्याला ते दिलं तर जवळपास काहीच होत नाही, ना नशा ना सवय. पन्नासच्या दशकात वापरात असलेलं नॅलॉर्फिन हे त्याचं मागचं भावंड स्वतःच थोडी नशा करायचं, भास घडवायचं आणि चुकीच्या रुग्णाला दिलं तर श्वास आणखी मंद करायचं. त्या तुलनेत नॅलॉक्सोन इतकं साधंसरळ की १९७१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली आणि १९८३ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं.

म्हणजे हॉस्पिटलच्या कपाटात गेलं. अँब्युलन्समध्ये गेलं. भूलतज्ज्ञांच्या ट्रेमध्ये गेलं.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. श्वास पूर्ण थांबला की मेंदूला पहिली इजा व्हायला साधारण चार ते सहा मिनिटं लागतात. इतक्यात अँब्युलन्स क्वचितच येते. मात्र हेरॉइनचा ओव्हरडोस बहुतेक वेळा सिनेमात दाखवतात तसा झटक्यात होत नाही. घेतल्यापासून श्वास थांबेपर्यंत अनेकदा एक ते तीन तास जातात, आणि तेवढ्या काळात घरात कोणीतरी असतं. मित्र, बायको, भाऊ, आई. त्यांना घोरण्यासारखा घरघर आवाज येतो. 'झोपलाय, झोपू दे' म्हणून ते दिवा बंद करतात. सकाळी तो उठत नाही. औषध सुरक्षित कपाटात, माणूस बेडरूममध्ये, आणि मधल्या अंतरात हा दिवा बंद करणारा हात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सर्व्हर चालू असूनही वापरणाऱ्यापर्यंत काहीच पोचत नसल्याचे प्रसंग परिचयाचे असतात. फरक इतकाच की इथे 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' हा पर्याय नाही.

हे अंतर पहिल्यांदा ठामपणे कापलं ते १९९६ मध्ये, शिकागोत. तेही डॉक्टरांच्या संघटनेने नाही. शिकागो रिकव्हरी अलायन्स ही संस्था ड्रग्ज टोचून घेणाऱ्यांना एड्सपासून वाचवण्यासाठी स्वच्छ सुया वाटत असे. तिच्या संस्थापकांपैकी एकाचा ओव्हरडोसने मृत्यू झाला. दुसरा संस्थापक डॅन बिग याने मग हिशेब सोपा करून टाकला. सुई देतो, तर बरोबर नॅलॉक्सोनची बाटली का नाही? व्हॅनमधून तो बाटल्या वाटू लागला, आणि वाटल्या त्या नशा करणाऱ्यांनाच. कारण ओव्हरडोस होताना शेजारी असतो तो दुसरा नशा करणाराच. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नॅलॉक्सोन घरी न्यायला द्यावं असं मांडणारा लेखही आला. म्हणजे कल्पना हवेत होती. पण रस्त्यावर उतरून, कायदा धूसर असताना, प्रत्यक्ष बाटली हातात ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे.

आक्षेप अर्थातच आले. यांच्या हातात सिरिंज देणार? यांना कळणार आहे का? आणि सर्वांत लाडका आक्षेप असा की जीव वाचायची खात्री मिळाली तर लोक आणखी नशा करतील. हा शेवटचा मला कधीच पटलेला नाही. नॅलॉक्सोन मिळालेल्या माणसाला चढलेली नशा एका क्षणात उतरून उलट्या, थरथर, अंगदुखी, घाम यांचा जो मार बसतो, तो ज्यांनी पाहिलाय ते याला मोफत तिकीट म्हणणार नाहीत. हेल्मेट घातलं म्हणून कोणी मुद्दाम झाडावर गाडी घालत नाही.

आणि आकडे आले तेव्हा ते बिगच्या बाजूने आले. १९९६ पासून २०१४ च्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या अशा कार्यक्रमांनी १,५२,२८३ सर्वसामान्य लोकांना किट दिली आणि त्यांनी २६,४६३ ओव्हरडोस उलटवल्याचं कळवलं. यातले सगळेच अन्यथा मेले असते असं नाही, पण बरेच मेले असते. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गावांचा अभ्यास छापून आला. जिथे प्रशिक्षण आणि नॅलॉक्सोन जास्त पोचलं, तिथे ओपिऑइडमुळे होणारे मृत्यू न पोचलेल्या गावांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होते. स्कॉटलंडने २०११ मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ओव्हरडोस पाहण्याची शक्यता असलेल्या कोणाकडेही हे औषध असायला हवं. २०१५ मध्ये अमेरिकेत नाकात मारायचा स्प्रे आला आणि २०२३ मध्ये तो चिठ्ठीशिवाय दुकानात मिळू लागला.

या वेळापत्रकातला एक मृत्यू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००३ मध्ये फ्लोरिडात जॅक फिशमनचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. नॅलॉक्सोन शोधणाऱ्या माणसाच्या घरातला मुलगा. हे औषध घरी ठेवता येतं, ते वाटणारे लोक आहेत, हे त्या मुलाच्या आईला, फिशमनच्या बायकोला, तेव्हा माहीतच नव्हतं. नंतर ती त्याच्या प्रसाराच्या चळवळीत उतरली. फिशमन २०१३ मध्ये वारला.

डॅन बिगही २०१८ मध्ये गेला. शिकागोतल्या त्याच्या घरी, ओव्हरडोसने. शरीरात हेरॉइन, फेन्टानिल आणि झोपेच्या गोळ्यांच्या वर्गातलं औषध सापडलं. हे वाचून कोणाला त्याच्या कामावर शंका घ्यावीशी वाटली, तर मी उलट म्हणेन. या औषधाची सर्वांत मोठी मर्यादा त्याच्या मृत्यूने दाखवली. ते स्वतःला देता येत नाही. शेजारी दुसरं माणूस लागतं.

अमेरिकेची गोष्ट इतक्या विस्ताराने सांगितली, कारण तिथे हे अंतर कसं कापलं गेलं याची नोंद नीट आहे. आपल्याकडे गोष्ट दुसऱ्या टोकाने सुरू होते.

तसं पाहिलं तर अफूचा अतिरेक मुंबईला नवा नाही. गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी देत, म्हणजे दिवसभर पोर झोपून राहील. सांभाळायला कोणी नाही, पाळणाघर नाही, मग दुसरं काय करणार? काही पोरं उठतच नसत. पण आज आपण ज्याला 'ड्रग्जचा प्रश्न' म्हणतो तो १९८० नंतरचा. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि त्या पट्ट्यातल्या हेरॉइनचे मार्ग बदलले. मुंबईत ब्राउन शुगर आली. पन्नीवर ठेवून खालून काडी ओढायची आणि धूर नळीने ओढायचा. त्या तपकिरी पुडीला मुंबईने नाव दिलं 'गर्द'. फारसीत गर्द म्हणजे धूळ. त्यावरून 'गर्दुल्ला' हा शब्द निघाला आणि तो इतका चिकटला की आजही मराठी बातम्यांत पुलाखाली झोपलेल्या कोणालाही बिनदिक्कत वापरला जातो. एका शब्दाने माणूस रुग्णाच्या रांगेतून काढून चोराच्या रांगेत उभा करता येतो, याचं मराठीत याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

व्यसन हा आजार आहे असं म्हणणारे तेव्हा थोडेच होते. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुण्यात डॉ. अनिल अवचट यांनी गर्दवर लिहायला घेतलं. ते स्वतः डॉक्टर, पण पेशाने मुख्यतः लेखक. अड्ड्यांवर, घरांत, व्यसनी मुलांच्या आईबापांत जाऊन त्यांनी जे पाहिलं ते मराठी मध्यमवर्गाने त्याआधी पाहिलेलं नव्हतं. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानने काम उभं करायला एक लाख रुपये दिले. त्या वेळी अवचटांच्या पत्नी, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं.

मुक्तांगणबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. ते सगळं पुन्हा सांगत नाही. इथे एकच मुद्दा. सुनंदाताईंनीही एक अंतर कापलं, ते व्यसनी माणूस आणि उपचार यांच्यातलं. कोंडून ठेवणं नाही, मारहाण नाही, दारावर कुलूप नाही. बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक. बायकांसाठी 'सहचरी' हा गट, म्हणजे ज्यांचं आयुष्य नवऱ्याच्या व्यसनाने खाल्लं त्यांनाही बोलायला जागा. पुढे २००९ मध्ये व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा विभाग. १९९७ मध्ये सुनंदाताई कर्करोगाने गेल्या. काम थांबलं नाही.

मात्र याच काळात दिल्लीने उलट दिशेची भिंत बांधली. एनडीपीएस कायदा. सप्टेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपतींची सही, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू. त्यात नुसतं सेवन हाही गुन्हा. कलम २७ प्रमाणे हेरॉइन, मॉर्फीन, कोकेनसाठी आज एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नंतर दुरुस्तीने ६४अ हे कलम आलं: सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. हे कलम फार कमी लोकांना माहीत असतं, आणि ज्याला माहीत हवं त्याला तर नसतंच. खंडणी उकळणाऱ्याला ते आपण सांगावं असं वाटण्याचं काही कारण नाही.

पण ६४अ उपचारासाठी आहे, रात्रीसाठी नाही. खोलीत चौघे आहेत, एकाचे ओठ निळे पडलेत, आणि बाकी तिघांच्या डोक्यात पहिला विचार येतो पोलिसांचा. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये पहिल्यांदा कायदा केला की ओव्हरडोससाठी मदत बोलावणाऱ्यावर अमली पदार्थ बाळगल्याचा खटला भरायचा नाही. आपल्याकडे रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीतल्या कलम १३४अ ने संरक्षण दिलंय. एनडीपीएसमध्ये मदत बोलावणाऱ्यासाठी तसं वेगळं कलम नाही. अपघातात पडलेल्याला उचलणारा देवमाणूस आणि ओव्हरडोसमध्ये पडलेल्याला उचलणारा संशयित, असा हा भेद आहे.

भारतात ही दोन टोकं, औषध आणि शेजारचा माणूस, खऱ्या अर्थाने जुळली ती मणिपूरमध्ये. मोरे या सीमेवरच्या गावातून म्यानमारचं 'नंबर फोर' हेरॉइन आत यायचं. ते टोचून घेतलं जायचं आणि सुया वाटून वापरल्या जायच्या. १९८९-९० मध्ये तिथे एचआयव्ही सापडला, आणि काही महिन्यांत टोचून घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये. अशा वेळी बाहेरून कोणी वाचवायला येत नाही हे ओळखून, १९९० मध्ये इम्फाळमध्ये पूर्वी नशा केलेल्या तरुणांनीच 'सासो' ही संस्था उभी केली. १९९६ मध्ये मणिपूरने आपल्या एड्स धोरणात सुई वाटपासारखे उपाय अधिकृतपणे घेतले, आणि हे करणारं ते देशातलं पहिलं राज्य. पुढच्या दशकात मणिपूर आणि नागालँडमध्ये वस्तीतल्याच कार्यकर्त्यांना ओव्हरडोस ओळखायला, श्वास द्यायला आणि नॅलॉक्सोन द्यायला शिकवलं गेलं. फोन आला की स्कूटरवर निघायचं. शिकागोची व्हॅन आणि इम्फाळची स्कूटर यांनी एकमेकींकडे बघून हे केलं असेल-नसेल. गरज सारखी होती.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी आणि आपल्याकडे सगळ्यांत कमी बोलली जाणारी गोष्ट. व्यसन सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे.

शरीर ओपिऑइडला सरावतं. रोज घेणाऱ्याला जी मात्रा पुरत नाही, ती न घेणाऱ्याला मारू शकते. महिनाभर बंद ठेवलं की हा सराव उतरतो, पण डोक्यातली 'नेहमीची' मात्रा तीच राहते. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट होता. लंडनमधला २००३ चा छोटा अभ्यास याहून अस्वस्थ करणारा आहे. व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेल्या १३७ रुग्णांचा मागोवा घेतला. चार महिन्यांत ओव्हरडोसने गेलेले तिघेही उपचार यशस्वीपणे पूर्ण केलेल्यांपैकी होते. अर्धवट पळून गेलेल्यांपैकी नाहीत.

याचा अर्थ दाखल होऊ नये असा नाही. अर्थ असा की बाहेर पडण्याचा दिवस हा शेवटचा दिवस समजू नये. आपल्याकडे त्या दिवशी पेढे वाटतात, देवाला नेतात, आणि तीन आठवड्यांनी पोरगा 'फक्त एकदा' घेतो, तेव्हा त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तर त्याला घ्यायला प्रोत्साहन मिळेल, ही भीती. शिकागोतला तोच आक्षेप, आपल्या घरातल्या भाषेत.

ओपिऑइडच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध दीर्घकाळ देखरेखीखाली चालू ठेवायचं. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने जिभेखालची ब्युप्रेनॉर्फिन नव्वदच्या दशकातच वापरायला घेतली. २०१७ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार असे उपचार चालू असताना मृत्यूचं प्रमाण उपचाराबाहेर असतानाच्या निम्म्याहून कमी असतं. तरी 'एक व्यसन सोडून दुसरं लावलं' हा टोमणा अजून ऐकू येतो. मधुमेहाच्या गोळीला असं कोणी म्हणत नाही.

आणि इथे फिशमनचा रेणू गंमतशीर रूपात परत भेटतो. पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रं काढली, तिथे ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन अशी एकत्र गोळी देतात. जिभेखाली ठेवली की त्यातलं नॅलॉक्सोन जवळजवळ शोषलंच जात नाही. पण कोणी गोळी विरघळवून टोचली, तर मात्र ते जागं होतं आणि नशेवर पाणी पडतं. म्हणजे आपल्याकडे नॅलॉक्सोन असंख्य हातांत रोज पोचतं, पण ते पहारेकरी म्हणून. जीव वाचवणारं नॅलॉक्सोन अजूनही मुख्यतः इंजेक्शनच्या अँप्युलमध्ये, हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतच आहे.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक वर्षभरात कोणतं तरी ओपिऑइड घेतलेले होते आणि सुमारे ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. दारूच्या आहारी गेलेल्यांत ३८ पैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. एवढ्या अंतरात मुक्तांगणं कितीही काढली तरी कमीच पडणार.

मग घरात, हॉस्टेलवर, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून काय उपयोगी पडेल?

आधी मर्यादा. नॅलॉक्सोन फक्त ओपिऑइडवर चालतं. मुंबई-पुण्यात आज ज्याची जास्त चर्चा असते त्या एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनवर, किंवा दारूवर आणि झोपेच्या गोळ्यांवर त्याचा परिणाम होत नाही. पण मिश्रण असेल तर त्यातल्या ओपिऑइडवर होतो, म्हणून शंका असली तरी देण्यात नुकसान नाही. गर्द किंवा टॅपेंटाडॉलच्या गोळ्यांवर दारू आणि 'बटन' गोळ्या हे मिश्रण एकेकट्या घटकापेक्षा फार घातक, कारण तिन्ही श्वासच दाबतात. ज्याला सोडता येत नाहीये त्याने निदान एकट्याने, बंद दाराआड घेऊ नये. खंड पडल्यावर जुनी मात्रा घेऊ नये. माझ्या मते हे सांगणं म्हणजे परवानगी देणं नाही.

ओळखायचं कसं? हलवूनही उठत नाही. श्वास अगदी सावकाश, किंवा घोरल्यासारखी घरघर. ओठ, नखं निळसर किंवा राखाडी. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा वेळी मीठपाणी पाजणं, थंड पाण्याखाली धरणं, लिंबू पिळणं यांनी फक्त वेळ जातो, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. खांद्याला धरून मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात घासा. प्रतिसाद नसेल तर लगेच १०८ किंवा ११२. फोन स्पीकरवर ठेवून श्वास द्या: हनुवटी वर, नाक चिमटीत, दर पाच सेकंदांनी एक. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, उलटी आली तर घशात अडकणार नाही. नॅलॉक्सोन मिळालं आणि माणूस उठून बसला तरी हॉस्पिटल चुकवू नका. त्याचा असर तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो, आणि आतलं ओपिऑइड त्याहून जास्त टिकलेलं असेल तर श्वास पुन्हा बुडतो.

उपचारासाठी कुठे जायचं हे कळत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. घरातलं कोणी ओपिऑइडच्या उपचारावर असेल तर डॉक्टरांना थेट विचारा, नॅलॉक्सोन घरी ठेवता येईल का आणि ते कसं द्यायचं हे आम्हाला शिकवाल का. व्यसनमुक्ती केंद्रातून सुट्टी घेतानाही हाच प्रश्न विचारा.

आणि १०८ ला फोन लागला की पहिलं वाक्य असं असू द्या: 'माणूस उठत नाहीये, श्वास घेत नाहीये,' आणि पत्ता. काय घेतलंय ते दुसऱ्या वाक्यात, पण सांगा. येणाऱ्या डॉक्टरला कोणतं अँप्युल फोडायचं ते त्यावरूनच ठरवायचं असतं.